हिमालयाचे छायाचित्रकार सॅम्युअल बोर्न

गेल्या डिसेंबर महिन्यांत आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थी महाबळेश्वरच्या सहलीस गेले होते. सोलापुराहून निघालेली गाडी पसरणीच्या घाटांत चाक पंक्चर झाल्यामुळें दोन तास अडकली, आणि आम्ही मुंबई पॉइंटवर पोहोंचलों तेव्हां सूर्य बुडून आकाशाची लालीही ओसरूं लागली होती. दुसऱ्या दिवशीं पहाटे मुलांना उठवून एका कड्यावर नेलें, तों सारी दरी धुक्यानें भरलेली. पलीकडचा डोंगर तर राहोच, कठड्यापलीकडचें झाडही दिसेना. ज्या मुलांनीं महिनाभर आधींपासून छायाचित्रें काढण्याचे बेत केले होते त्यांचा चांगलाच विरस झाला. एकानें तर उजेडानें आपणांस दोनदां फसविलें अशी तक्रार करून मोबाईल खिशांत टाकला. मग नऊ वाजतां धुकें एकाएकीं फाटलें, आणि पुढच्या अर्ध्या तासांत त्याच मुलानें शंभरांवर चित्रें घेतलीं. परततांना आम्ही त्याला एका गृहस्थांची गोष्ट सांगूं लागलों होतों. पण गाडींत गाणीं सुरू झालीं आणि ती अर्धवट राहिली. ती येथें पुरी करीत आहों.

सॅम्युअल बोर्न यांचा जन्म ३० ऑक्टोबर १८३४ रोजीं इंग्लंडांत, स्टॅफर्डशायर व श्रॉपशायर या परगण्यांच्या सीमेवर, एका शेतकरी कुटुंबांत झाला. वयाच्या विशींत ते नॉटिंगहॅम शहरीं एका बँकेंत कारकून म्हणून लागले. दिवसभर खतावण्या लिहाव्या आणि सुटी मिळतांच कॅमेरा घेऊन रानोमाळ हिंडावें, असा त्यांचा क्रम होता. १८५८ सालीं त्यांनीं उत्तर इंग्लंडांतील सरोवरांच्या प्रदेशांत सफर केली. तेथील ठेंगण्या टेकड्या, शांत तळीं आणि पाण्यांत पडलेलीं झाडांचीं प्रतिबिंबें यांनीं त्यांच्या डोळ्यांस जें वळण लावलें, तें पुढें हिंदुस्थानांत त्यांच्या उपयोगी पडलें आणि आडवेंही आलें. तें कसें हें ओघानें येईलच. पुढच्या वर्षीं त्यांचीं चित्रें नॉटिंगहॅमच्या प्रदर्शनांत मांडलीं गेलीं आणि १८६२ च्या लंडन येथील मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांतही त्यांस जागा मिळाली. त्यानंतर बोर्न यांनीं बँकेची चाकरी सोडली. आमच्या पालकवर्गापैकीं कित्येकांस हें वाचून धडकी भरेल! मुलानें बँकेंतील कायमची नोकरी सोडून डोंगर पाहावयास जावें, हें आजही कोणत्या घरांत रुचेल? पण बोर्न यांचा निश्चय ठरला होता, आणि १८६३ च्या आरंभीं ते कलकत्त्यास येऊन उतरले.

छायाचित्रकला तेव्हां हिंदुस्थानास अगदींच नवी नव्हती. मुंबईंत १८५४ सालींच छायाचित्रकारांची एक सभा स्थापन झाली होती, आणि डॉ. भाऊ दाजी यांच्यासारखे आपले विद्वान तिचे सभासद होते. आगगाडीही बोर्न येण्याच्या आधीं तीन वर्षें, म्हणजे १८६० सालीं, आपल्या सोलापुरापर्यंत येऊन पोहोंचली होती. परंतु हिमालयांत रूळ नव्हते; सिमल्यास आगगाडी गेली ती १९०३ सालीं. बोर्न सिमल्यास गेले आणि तेथें विल्यम हॉवर्ड नांवाच्या छायाचित्रकाराशीं त्यांनीं भागी केली. लवकरच चार्ल्स शेफर्ड हे त्यांस येऊन मिळाले. कांहीं वर्षांत हॉवर्ड बाजूस झाले व दुकानाचें नांव बोर्न आणि शेफर्ड असें राहिलें. शेफर्ड यांनीं दुकान सांभाळावें, कागदावर चित्रें छापून घ्यावीं, आणि बोर्न यांनीं डोंगर धुंडाळावे, अशी कामाची वांटणी होती.

त्या काळीं चित्र कसें निघे हें ठाऊक असल्यावांचून त्यांच्या श्रमांची कल्पना यावयाची नाहीं. कापूस शोऱ्याच्या व गंधकाच्या तेजाबांत मुरवून, धुऊन वाळविला, म्हणजे तो दिसावयास पूर्वीसारखाच, पण ठिणगी लागतांच भडकून उठणारा होतो. हा कापूस ईथर व मद्यार्क यांच्या मिश्रणांत विरघळविला कीं पाकासारखा चिकट द्रव तयार होतो. त्यास कोलोडियन असें म्हणतात. त्यांत आयोडीनचे क्षार मिसळून तो द्रव स्वच्छ कांचेवर ओतावयाचा आणि कांच चहूंकडे कलती करून त्याचा सारखा, पातळ थर बसवावयाचा. मग अंधारांत ती कांच चांदीच्या क्षाराच्या पाण्यांत बुडवावयाची, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालावयाची, झांकण काढून कांहीं सेकंद, प्रसंगीं त्याहून पुष्कळ अधिक वेळ, प्रकाश आंत घ्यावयाचा, आणि लगेच पुन्हां अंधारांत नेऊन औषधानें चित्र उमटवावयाचें. कांच सुकली कीं सारी मेहनत फुकट! हा सगळा दहा-पंधरा मिनिटांचा खेळ असे. अर्थात् जेथें चित्र काढावयाचें तेथें अंधाऱ्या खोलीचा तंबू, औषधांच्या बाटल्या, शेंकडों कांचा आणि धुण्यासाठीं स्वच्छ पाणी, इतकें सर्व हजर पाहिजे. बोर्न यांच्या मोठ्या कांचा बारा इंच लांब व दहा इंच रुंद असत. चित्र मागाहून वाढवून घेण्याची सोय नव्हती. जेवढी कांच, तेवढेंच चित्र.

आतां उजेडाची गोष्ट. मनुष्याच्या डोळ्यांस जसा सर्व रंगांचा प्रकाश दिसतो तसा या कांचेस दिसत नसे. निळा प्रकाश तिच्यावर फार त्वरेनें उमटे. हिरवा मंदपणें आणि तांबडा जवळजवळ मुळींच नाहीं. त्यामुळें आकाश आणि बर्फ हीं क्षणांत उमटून कोरीं, पांढरीं फटक होत, तर त्याच चित्रांतील देवदारांचें रान काळ्या डागासारखें राही. झाडांसाठीं थांबावें तर बर्फ जाई. बर्फासाठीं घाई करावी तर झाडें जात. ढग तर कांचेवर क्वचितच टिकत. म्हणून त्यांच्या बहुतेक चित्रांत डोंगरांमागचें आकाश धुतल्या कापडासारखें रिकामें दिसतें. आमचीं मुलें ज्या तांबूस, सोनेरी सायंप्रकाशासाठीं मुंबई पॉइंटवर धांवत होतीं, तो बोर्न यांच्या मुळींच कामाचा नव्हता. त्यांस पाहिजे असे तो सकाळचा पांढरा, निर्मळ, थोडा तिरपा उजेड, ज्यानें दरीच्या एका बाजूस छाया पडून डोंगराची घडी उठून दिसेल. आणि त्या उजेडाबरोबर वाराही पडलेला पाहिजे, कारण पान हाललें कीं कांचेवर झाडाचा धूर होई. उजेड, निवांत हवा, ओली कांच आणि जवळ पाणी, हीं चारही एके ठिकाणीं किती वेळां मिळावीं?

२९ जुलै १८६३ रोजीं सुमारें तीस हमाल घेऊन बोर्न सिमल्याहून पहिल्या सफरीस निघाले. सतलज नदीच्या खोऱ्यानें चिनी या गांवापर्यंत, ज्यास आतां कल्पा म्हणतात, आणि तेथून स्पितीच्या सीमेकडे, असा हा प्रवास दहा आठवड्यांचा होता. १२ ऑक्टोबर रोजीं ते परत आले तेव्हां त्यांच्याजवळ १४७ कांचा होत्या. गणिताची आवड असणाऱ्या विद्यार्थ्यांनीं भागाकार करून पाहावा. दिवसास सरासरी दोन चित्रेंही पुरीं पडत नाहींत.

विशेष हें कीं या पहिल्या सफरींत हिमालय त्यांच्या मनास पुरता उतरला नाहीं. येथें तळीं नाहींत, झाडांनीं वेढलेलीं घरें नाहींत, पुढें कांहीं तरी जवळचें आणि मागें दूरचें अशी चित्राची मांडणी जुळत नाहीं, असें त्यांस वाटे. डोंगर इतके अफाट कीं कॅमेऱ्यांत शिरले म्हणजे लहान होऊन बसत. इंग्लंडांतील सरोवरांनीं लावलेलें डोळ्याचें वळण येथें आडवें आलें तें असें. आम्हांस वाटतें, या निराशेनें सिमल्याच्या दुकानांतच बसून राहणारे पुष्कळ निघाले असते. बोर्न पुढच्या वर्षीं मार्च महिन्यांत लाहोराहून पुन्हां निघाले; कांगडा, धरमशाळा, डलहौसी, चंबा करीत काश्मिरांत गेले, आणि नाताळ येईपर्यंत, म्हणजे नऊ महिने, हिंडत राहिले. काश्मिरांत त्यांस तळीं मिळालीं, पॉप्लर वृक्षांच्या रांगा मिळाल्या, झेलमच्या कांठचे लांकडी पूल मिळाले. त्या सफरीच्या ५४६ कांचा झाल्या. कांच ही कांच आहे; घाटांत एका हमालाचा पाय घसरला तर आठवड्याचें काम दरींत जावें, असा तो माल होता.

येथें आम्हांस थोडें थांबावेंसें वाटतें. काश्मीरच्या सफरींत बेचाळीस हमाल सामानासाठीं होते. शेवटच्या सफरींत ऐंशी. हीं माणसें कोण होतीं? डोंगरांतील गांवांवर त्या काळीं अशी सक्ती असे कीं साहेबाची स्वारी आली म्हणजे गांवानें पुढच्या मुक्कामापर्यंत ओझेकरी पुरवावे. तीस बेगार म्हणत. शेतांत पीक उभें असो, घरीं आजारी माणूस असो, पाठीवर पेटी घेऊन निघावें लागे. उंच खिंडींतील थंडीस भिऊन, किंवा पीक वायां जाईल या काळजीनें, कित्येक हमाल रात्रीं पळून जात. बोर्न यांनीं आपल्या सफरींचे वृत्तांत इंग्लंडच्या एका छायाचित्रविषयक नियतकालिकांत विस्तारानें लिहिले. आणि त्यांत त्यांनीं स्वतःच नमूद केलें आहे कीं हमालांनीं कुचराई केली तेव्हां आपण त्यांच्यावर काठी चालविली. त्यांस त्यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं. आम्हांस वाटतें. थोर मनुष्याचें चरित्र लिहितांना अशी पानें गाळण्याची रीत आहे, पण ज्या पाठींवरून हीं चित्रें खालीं आलीं त्या पाठींचा हिशेब गाळून चित्रांची स्तुति करणें आमच्यानें होत नाहीं. पुढें १४ जानेवारी १९२१ रोजीं, संक्रांतीच्या जत्रेंत, कुमाऊंमधील बागेश्वर येथें गांवकऱ्यांनीं या बेगारीच्या वह्याच शरयू नदींत बुडवून दिल्या. पण ती पंचावन्न वर्षें पुढची गोष्ट झाली. बोर्न यांच्या चित्रांखालीं ठिकाणाचें नांव आहे, अनुक्रमांक आहे, कित्येकदां उंचीचा आंकडाही आहे. ओझेकऱ्यांचीं नांवें नाहींत.

तिसरी सफर सर्वांत मोठी. ३ जुलै १८६६ रोजीं, ऐन पावसाळ्यांत, बोर्न सिमल्याहून निघाले. पावसाळ्यांत छायाचित्रें काढावयास कोणी निघतो काय, असें वाटेल. पण त्यांत शहाणपण होतें. कुलूच्या पलीकडे हिमालयाची मुख्य रांग ओलांडली कीं लाहोल आणि स्पिती हे प्रदेश डोंगराच्या पाठीशीं पडतात. ढग अलीकडेच रिते होतात आणि पलीकडे उघडें, कोरडें आकाश राहतें. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरीं जो पाऊस कोसळतो त्याचा जेमतेम आठवा हिस्सा आपल्या सोलापुरास कां मिळतो, हें भूगोलाच्या तासास शिकलेल्या मुलांस ही युक्ति सहज उमजेल. आपण ज्या कोरड्या आकाशास नांवें ठेवतों त्याच्याच शोधांत हा मनुष्य हिमालय ओलांडून गेला!

या सफरींत डॉ. प्लेफेअर नांवाचे गृहस्थ त्यांच्या सोबतीस होते. शिधा म्हणून मेंढ्या व शेळ्याही बरोबर हांकाव्या लागल्या. कुलू, लाहोल, स्पिती पाहून ते मणिरंग खिंडीस आले. तिची उंची त्या वेळच्या मापानें १८,६०० फूट धरली होती. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या तिपटीहूनही अधिक. तेथें हवा इतकी विरळ कीं चार पावलें चाललें तरी धाप लागते. थंडीनें बोटें बधिर होतात, औषधें मंदावतात, धुण्याचें पाणी गोठूं लागतें. अशा जागीं कांचेवर सारखा थर ओतणें म्हणजे हात थरथरत असतांना दिव्यांत तेल भरण्यासारखें आहे. आणि वरून ढग कोणत्या क्षणीं येऊन सर्व झांकून टाकतील याचा नेम नाहीं. बोर्न यांनीं त्या ठिकाणीं तीन चित्रें घेतलीं. तीनच. पण पुढें वीस वर्षेंपर्यंत इतक्या उंचीवरून कोणींही छायाचित्र काढलें नाहीं.

तेथून ते गंगोत्रीकडे वळले. गोमुखाशीं, जेथें हिमनदीच्या तोंडांतून भागीरथी बाहेर पडते, तेथें त्यांनीं आपला तंबू लावला आणि बर्फाची ती कमान कांचेवर घेतली. हिंदु यात्रेकरू शतकानुशतकें ज्या जागेची वाट तुडवीत आले तिचें सूर्यानें काढलेलें चित्र अशा रीतीनें सामान्य माणसाच्या हातीं पडलें. ती हिमनदी तेव्हांपासून एक किलोमीटरहून अधिक मागें हटली आहे. जेथें बोर्न यांनीं बर्फ टिपलें तेथें आतां धोंडे आणि गाळ आहे, आणि म्हणून त्या चित्राकडे आज हिमनद्यांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञही निराळ्या कारणासाठीं पाहतात.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. डोंगरांत कांच सिद्ध झाली म्हणजे काम संपलें असें नव्हे. अंड्यांतील पांढऱ्या भागाचा लेप दिलेला कागद त्या कांचेखालीं दाबून उन्हांत ठेवावा, तेव्हां सावकाश त्यावर चित्र उतरे. म्हणजे एकदां उजेड गांठला तरी दुसऱ्यांदा सिमल्याच्या गच्चीवर त्याची वाट पाहणें आलेंच. तेथें पावसाळ्यांत कित्येक दिवस सूर्यदर्शन होत नाहीं.

१८६७ सालीं बोर्न इंग्लंडास गेले, विवाह केला, पत्नीसह पुन्हां हिंदुस्थानांत आले, आणि नोव्हेंबर १८७० मध्यें कायमचे परतले. उण्यापुऱ्या सात-आठ वर्षांत त्यांच्या हातून दोन हजारांहून अधिक चित्रें झालीं होतीं. त्या सर्व कांचा त्यांनीं दुकानाच्या स्वाधीन केल्या. त्यांवरून पुढें कित्येक दशकें कागदी प्रती निघत व विकल्या जात राहिल्या.

नॉटिंगहॅमला गेल्यावर त्यांनीं काय केलें हें आमच्या गिरणगांवांतील वाचकांस ऐकून गंमत वाटेल. त्यांनीं मेहुण्याबरोबर सुती दोऱ्याचा कारखाना काढला. दोन किंवा अधिक धागे एकत्र पिळून मजबूत दोरा करावयाचा, हा त्यांचा धंदा. आपल्या शहरांत पहिली कापड गिरणी सुरू झाली ती १८७७ सालीं. ती आतां इतिहासजमा झाली, पण पिळाचें सूत म्हणजे काय हें येथें कोणास समजावून सांगावें लागत नाहीं. ज्यांच्या कांचांवर विरघळलेला कापूस होता ते गृहस्थ शेवटीं कापसाच्याच दोऱ्यावर श्रीमंत झाले. शहरांत त्यांस मान मिळाला, ते मॅजिस्ट्रेट झाले. फावल्या वेळांत ते आतां कॅमेऱ्याऐवजीं कुंचला घेत आणि पाण्याच्या रंगांनीं देखावे रंगवीत. जो तांबडा आणि सोनेरी उजेड कांचेनें त्यांस कधीं दिला नाहीं, तो निदान कागदावर त्यांच्या मर्जीप्रमाणें येत असेल, अशी आमची आपली कल्पना. २४ एप्रिल १९१२ रोजीं नॉटिंगहॅम येथें त्यांचा अंत झाला.

त्यांच्या नांवाचें दुकान मात्र कलकत्त्यांत त्यांच्यामागें शंभर वर्षांहून अधिक काळ चाललें. १९९१ सालीं तेथें मोठी आग लागून जुना संग्रह पुष्कळसा जळाला, आणि २०१६ सालीं तें कायमचें बंद झालें. कागदावरील प्रती निरनिराळ्या देशांतील संग्रहालयांत आहेत व त्यांतील पुष्कळ घरबसल्या संगणकावर पाहतां येतात.

सहलीहून आल्यावर एके दिवशीं मधल्या सुटींत आम्हीं आमच्या त्या विद्यार्थ्यास तिसऱ्या सफरींतील एक चित्र दाखविलें. त्यानें प्रथम आकाश कोरें कां असें विचारलें. मग तो चित्र डोळ्यांजवळ नेऊन, खडकांत पेट्यांपाशीं बसलेलीं बारीक माणसें मोजूं लागला.